बाबांची स्मरणिका छापली, त्या दर्यापूरच्या प्रेसबद्दल

वर्षश्राद्धाला बाबांची स्मरणिका काढायची, हे आम्हा भावंडांचं आधीच ठरलं होतं. कुठे छापायची यावर मात्र वाद झाला. भावाला अमरावतीचा गुळगुळीत आर्ट पेपर हवा होता. माझं म्हणणं, दर्यापुरातच द्या. काही चुकलं तर गावाहून एसटीनं जाऊन ऑपरेटरच्या शेजारी बसून नीट करून घेता येतं. शेवटी बस स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या ऑफसेट प्रेसला काम दिलं. कोणाला स्मरणिका, अहवाल, भजनांची पुस्तिका छापायची असेल तर हे वाचून ठेवा.

आधी पैशाचं. ए-फाइव्ह आकार, ४८ पानं, आत ८० जीएसएम जाडीचा साधा मॅपलिथो कागद, मधली चार पानं रंगीत, लॅमिनेशनचं कव्हर, ३०० प्रती. १३,५०० रुपये, निम्मे आधी. आमचा मजकूर ४६ पानांतच संपला तेव्हा मालक म्हणाले, "ताई, सेंटर पिनले पानं चारच्या पटीत लागते जी. दोन पानं कायनं भरता ते पाहा." ती दोन पानं आईनं भरली. ते पुढे येईलच.

कव्हरचे तयार नमुने दाखवतात, तिकडे न पाहिलेलं बरं. समई, ढग, उडणारी कबुतरं आणि मधोमध गोल चौकट. बाबांच्या फोटोला कोट-टाय चढवून देतो असंही प्रेसमधल्या पोरानं सांगितलं. कोट! केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, नागपूरच्या पांजरीला, उभी नोकरी केलेल्या या कीटकशास्त्रज्ञाला मी हाफ शर्टाशिवाय कशात पाहिलं नाही. शर्टाच्या खिशात भिंग आणि गजानन महाराजांचा छोटा फोटो, दोन्ही एकाच पाकिटात. आम्ही वावरातला साधा फोटो दिला आणि मागची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, तशीच राहू द्या म्हटलं. राहू दिली.

या प्रेसची खरी जमेची बाजू म्हणजे डीटीपी करणारी ताई. ती टाइप करता करता वाचते. हे लिहायला सोपं वाटतं, पण लग्नपत्रिकेत नवरदेवाचं आडनाव बदलणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. आमच्या एका चुलतभावानं बाबांच्या गावातल्या कामावर लेख दिला होता. त्यात गुलाबी बोंडअळीवर नुसती पाळत ठेवायला 'एकरी पाच' कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) असं लिहिलेलं. प्रूफ द्यायच्या आधीच तिचा फोन आला. "ताई, हे एकरी पाच चुकलं वाट्टे. आमच्या वावरात तं एकरी दोनच लावले होते." बरोबर होतं तिचं. शिफारस हेक्टरी पाचची, म्हणजे एकरी दोन. बाबांच्या स्मरणिकेत हा आकडा चुकीचा छापून गेला असता तर वर बसून त्यांनी शुद्धिपत्रक मागितलं असतं.

रंगीत पानावर डोमकळीचा फोटो आहे. कळी धड उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबासारख्या मिटून राहतात, अन् आत हीच गुलाबी अळी बसलेली असते. पहिल्या प्रूफमध्ये ही अळी गुलालात बुडवून काढल्यासारखी आली होती. ताईनं न सांगता रंग उतरवला. २०१७ साली विदर्भात या अळीनं बीटी कापूस पोखरला तेव्हा बाबा केव्हाच निवृत्त झाले होते, तरी मोटारसायकलवर गावोगाव फिरून सांगत होते, फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. फरदडीला ओलित मिळालं की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घरबसल्या जेवण मिळतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही जण ऐकायचे, काही चहा पाजून वाटेला लावायचे.

माझ्या मते सगळ्या स्मरणिकेत पान २३ सर्वांत चांगलं छापलंय. त्यावर बाबांच्या वहीच्या एका पानाचं स्कॅन आहे. शिसपेन्सिलीचं अक्षर, कागद पिवळा. डावीकडे एका सापळ्यात रात्रीतून सापडलेले पतंग: ९, ११, ८. सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, म्हणून त्या तीन आकड्यांना गोल. त्याच्याच खाली 'एकादशी', 'माईची बीपीची गोळी संपली' आणि माझ्या दहावीच्या परीक्षेची फी. नोकरी, देव आणि घर यांच्यासाठी वेगळ्या वह्या त्यांनी कधी केल्याच नाहीत. ताईनं पेन्सिलीचे फिके आकडे गडद केले, पण कागदावरचा चहाचा डाग पुसला नाही. तो मुद्दाम ठेवला का, हे मी विचारलं नाही.

आता आईची दोन पानं. तिनं फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं. बाबा दरवर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला रजा टाकून मोझरीला त्यांच्या आश्रमात जायचे. रजा नाही मिळाली तर संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, जिथं असतील तिथं हात जोडून उभे, मग ते प्रयोगाचं वावर का असेना. सोबतचे चिडवायचे, की तीनदा रेप्लिकेशन, म्हणजे तोच प्रयोग पुन्हा, केल्याशिवाय तुम्ही काही मानत नाही, मग हे कसं मानता? तर म्हणे, "त्याचं रेप्लिकेशन मी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत करतो." हनुमान जयंतीला गावी रोडगे करायचे तर कणीक तेच मळणार, गोवऱ्यांचा जाळ तेच पाहणार, दुसऱ्या कोणाला रोडगा उलटू द्यायचे नाहीत. आईच्या मते वांग्याची भाजी मात्र त्यांना जन्मात जमली नाही. हे वाक्य छापायचं की नाही यावर भाऊ रुसला होता. छापलं.

तक्रारी आहेत. काही कव्हरांवर लॅमिनेशनचे फुगे आले. मालकांनी तेवढी बदलून दिली, पण आम्ही बोट ठेवून दाखवल्यावर. बाबांच्या एका सहकाऱ्यांचा लेख जुन्या फॉण्टमध्ये आला होता, तो युनिकोडमध्ये घेताना 'अळ्या'चं सगळीकडे 'अळया' झालं, आणि दोन ठिकाणी ते तसंच राहिलं. गठ्ठे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मिळाले, तेही भावानं प्रेसमध्ये ठाण मांडल्यावर. दुकानात बसायला एकच खुर्ची, तिच्यावर कायम कागदाचे रिम.

पाचपैकी चार. एक तारा लॅमिनेशनसाठी कापला. मजकूर युनिकोडमध्येच द्या, फोटो व्हॉट्सॲपवर न पाठवता पेनड्राइव्हवर न्या, आणि प्रूफ कागदावर मागा. पडद्यावर दाखवून मोकळे होतात. तुळशीचं लग्न लागलं की तिथं लग्नपत्रिकांची रांग लागते, मग ताईला वाचायला सवड नसते. त्याच्या आधी जा.