ताईची सही घ्यायची की वाटा द्यायचा? कायदा, रीत आणि आपली सचोटी काय म्हणतात

इंदूरच्या मराठी घरांत, म्हणजे रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, सुदामा नगर घ्या, हा प्रश्न सध्या फार ऐकू येतो. वडील गेले, मृत्युपत्र केलेलं नाही, नगर निगममध्ये नामांतरण, म्हणजे घर आपल्या नावावर करायचंय, आणि कोणीतरी काका सल्ला देतात की ताईकडून हक त्याग, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, लिहून घ्या, विषय संपला. तुम्ही याच जागी असाल तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतील, आणि गोंधळ होतो तो आपण तिन्ही एकच समजतो म्हणून.

कायद्याचं उत्तर सगळ्यात स्पष्ट आहे. घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा, आजी म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. वडिलोपार्जित असेल तर 9 सप्टेंबर 2005 ला लागू झालेल्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील जिवंत असायलाच हवे होते असं नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं. हां, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर्ड कागदाने किंवा कोर्टाकडून वाटणी झालेली असेल तर ती उकरून काढता येत नाही. लग्नात खर्च केला, दागिने घातले, याने वाटा कमी होत नाही. आता ताईने स्वतःच्या मर्जीने हक सोडला तर तेही कायद्याला पूर्ण मान्य आहे, कागद रजिस्टर्ड पाहिजे एवढंच. दबाव टाकून किंवा फसवून घेतलेली सही कोर्टात रद्द होऊ शकते, पण ते ताईला सिद्ध करावं लागतं, आणि भावावर केस करणाऱ्या बहिणी किती असतात तुम्हीच सांगा.

म्हणजे कायदा सहीपर्यंत येऊन थांबतो, ती सही माहेर तुटायच्या भीतीने झाली का हे रजिस्ट्रीच्या ऑफिसात कोणी विचारत नाही.

रीतीचं, म्हणजे चार लोकांच्या नीतीचं उत्तर मात्र आजकाल एकसारखं नाही. जुनी मंडळी म्हणतात वाटा मागणारी बहीण लोभी, भाऊबीजेला साडी मिळते ना, मग झालं. नवीन मंडळी म्हणतात सारखा वाटा हीच नीती. तुमच्या घरात यातला कोणता आवाज मोठा आहे त्यावर तुमची रीत ठरते, आणि म्हणून एकट्या रीतीच्या भरवशावर निर्णय घेऊ नका असं मला मनापासून वाटतं. नीती नेहमी अशी सैल असते असं पण नाही, पेशाची नीती लिहिलेली असते. वकील जर म्हणाला की फी राहू द्या, केस जिंकली की प्लॉटमध्ये हिस्सा द्या, तर बार काउन्सिलच्या नियमांत ते चालत नाही आणि सनदेवर येऊ शकतं. अशा वकिलाकडे जाऊ नका.

रीत बदलते कशी हे आपण इंदूरमध्येच पाहिलंय. रस्त्यावर कचरा टाकला तर दंड, असं सुरू झालं, आणि आज छप्पन दुकान या खाऊगल्लीत कोणी बघत नसलं तरी लोक हातातला दोना घेऊन डस्टबिन शोधतात. बहिणीच्या वाट्याचं तेच व्हायला हवंय, फक्त फार उशीर होतोय. आपल्या शेजारी महूला जन्मलेले बाबासाहेब हिंदू कोड बिलात मुलींना हक्क मागत होते, त्या वेळची रीत पूर्ण विरुद्ध होती, बिल अडलं आणि 1951 मध्ये त्यांनी कायदा मंत्रीपद सोडलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. मंत्री राहून गप्प बसायला कोणता कायदा आड येत होता? कोणताच नाही. ते सचोटीचं काम होतं.

तर सचोटीचं उत्तर. इथे प्रश्न एकच, जे ताईसमोर बोलताय आणि जे मनात आहे ते एक आहे का. कलेक्टर गाइडलाइनप्रमाणे, म्हणजे सरकारी दराने, किंमत किती, बाजारात किती, हे तिला सांगितलं का? कागद वाचायला आठवडा दिला का, की पानाला पान लावून इथे सही कर म्हटलं? पण सचोटीत एक धोका पण आहे, मन स्वतःला लवकर पटवतं. आईबाबांचं सगळं मीच केलं, हे खरं असेल, आणि ते लहान काम नाहीये, पण वडिलांनी लिहून ठेवलं नसेल तर कायद्यात त्याचा वेगळा वाटा नाही. मग ते ताईला उघड सांगा, ती स्वतः काही कमी घ्यायला तयार होईल, पण मनातल्या मनात वजा करून कागद करू नका.

उलटा प्रकार उधारीत दिसतो. वडिलांनी कोणाकडून हातउसने घेतले, लेखी काही नाही, तीन वर्षं उलटली. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे त्या माणसाचा दावा कोर्टात टिकणार नाही. बापाचं कर्ज फेडणं मुलाचं धर्मकर्तव्य, हा जुना कायदेशीर नियमही 2005 च्या त्याच दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांसाठी काढून टाकला. पण मुदत गेली म्हणून देणं पुसलं जात नाही, फक्त वसुलीचा रस्ता बंद होतो, आणि मुदत गेलेलं कर्ज देतो असं तुम्ही सही करून लिहून दिलंत तर 1872 चा करार कायदा ते बंधनकारक मानतो. माझं मत विचाराल तर वडिलांनी घेतल्याचं तुम्हाला माहीत असेल तर द्या, बँकेतून द्या, पावती घ्या.

घराच्या बाबतीत माझा क्रम असा आहे, आधी कायद्याने कोणाचा किती वाटा ते सगळ्यांसमोर बोला, मग ताईला तिच्या पसंतीचा वकील करू द्या, आणि एकदम पैसे जमत नसतील तर हप्ते लेखी ठरवा. एवढं ऐकूनही ती सोडतेच म्हणाली तर सर्व्हिस प्रोव्हायडरकडे, म्हणजे रजिस्ट्रीचे कागद तयार करून देणाऱ्याकडे, जाऊन नीट रजिस्ट्री करा. आणि आई असेल तर तिचा वाटा वेगळा आहे, आई तर आपलीच आहे म्हणून तिच्या सहीचा कागद ताईच्या कागदासोबत उरकून टाकू नका, तिलाही तितकाच वेळ द्या.