२००-५०० लेन्ससाठी गिंबल हेड (ट्रायपॉडवर बसणारा, जड लेन्स तोलून धरणारा भाग) घेतलं, चार महिने वापरून लिहितोय

बॉल हेडच्या (गोळ्यावर फिरणारं नेहमीचं ट्रायपॉड हेड) डब्यावर पंधरा किलो लोड छापलेलं होतं आणि माझी निकॉनची २००-५०० मिमी लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला लावायची कडी) २३०० ग्रॅम, वर डी५०० कॅमेरा बॅटरी धरून ८६० ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलोच्या आतच, मग काय प्रॉब्लेम, असा हिशोब करून मी दोन वर्षं बॉल हेडच वापरलं. वजन ते पेलतंच हो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बडोद्याजवळच्या वढवाणा तलावाच्या पाळीवर उभं असताना पट्टकादंब पक्ष्यांचा थवा उठला की नॉब सैल करावा लागतो, आणि सैल केला की लेन्सचं तोंड धपकन खाली! एका हाताने लेन्स सावरायची, दुसऱ्याने नॉब, तोवर थवा पार पलीकडच्या काठावर.

आता कळतंय की डब्यावरच्या आकड्याला या कामात फारसा अर्थच नाही. बॉल हेडमध्ये सगळं वजन बॉलच्या वर उभं असतं, जरा कललं की आणखीच कलत जातं. गिंबलमध्ये लेन्स पाळण्यासारखी असते, कलण्याचा आस वजनाच्या मध्यातूनच जातो म्हणून नॉब पूर्ण सैल असले तरी जिथे सोडाल तिथेच थांबते, एका बोटाने फिरते.

बडोद्यात रावपुऱ्यात ज्यांच्याकडून घेतलं ते काका म्हणाले, "लेन्स घेऊन या, नुसतं हेड हातात धरून काय कळणार तुम्हाला." हे फार बरं झालं. तिथेच दोन प्रकार लावून बघितले. अर्धं गिंबल, म्हणजे ज्यात लेन्स बाजूने अडकवतात, ते हलकं आहे पण लेन्स लावताना एका हाताने पूर्ण वजन तोलून धरावं लागतं आणि पहाटेच्या अंधारात मला ती भीती नको होती. पूर्ण गिंबलला खाली बैठक असते, लेन्स वरून ठेवली की झालं. मी तेच घेतलं, अ‍ॅल्युमिनियमचं. जड आहे, सव्वा किलोच्या पुढे, ट्रायपॉडसकट खांद्यावर घेऊन पाळीवरून चालताना जाणवतं.

बॅलन्स करायला पहिल्या दिवशी अर्धा तास गेला, आता दोन मिनिटं. २००-५०० झूम केली की लांब होते आणि वजन पुढे सरकतं, म्हणून ५०० वर ठेवूनच बॅलन्स करायचा. (सोनीची २००-६०० आतल्या आत झूम होते, त्यांना हा त्रास जवळजवळ नाही.) नॉब सैल, लेन्स आडवी, खाली हात धरून ठेवा. तोंड खाली गेलं तर प्लेट (लेन्सच्या पायाला लावलेली, क्लॅम्पमध्ये बसणारी पट्टी) मागे सरकवा. मग लेन्स वर कलवून सोडा, आपोआप परत आडवी झाली तर बैठक फार खाली आहे, उलट आणखीनच कलंडत गेली तर फार वर आहे. ही दुसरी पायरी बरेच जण करतच नाहीत आणि मग हेड खराब आहे म्हणतात.

सोबत आलेली प्लेट बोटभर होती, मागेपुढे करायला जागाच नाही. मी १२० मिलिमीटरची आर्का टाईप (बहुतेक क्लॅम्पमध्ये बसणारी) वेगळी घेतली. तिच्या दोन्ही टोकांना छोटे स्टॉप स्क्रू असतात ते काढू नका, क्लॅम्प चुकून ढिला राहिला तर लेन्स तेवढ्यावरच अडकते.

आणि ट्रायपॉडचा माथा लेव्हलमध्ये पाहिजेच, नाहीतर लेन्स डावीकडून उजवीकडे नेताना पाण्याची रेघ तिरकी होत जाते. पाळीच्या उतारावर तीन पाय सारखे करणं वैताग आहे, मी शेवटी लेव्हलिंग बेस (पाय न हलवता माथा सपाट करणारा तुकडा) घेतला. मधला दांडा वर काढू नका, वारा असला की पूर्ण सेटअप थरथरतो.

खटकलेलं एकच, पॅनचा, म्हणजे डावीउजवीकडे फिरवण्याचा नॉब. घट्ट केला तरी किंचित खेळ राहतो. उडत्या पक्ष्यांना फरक पडत नाही, व्हीआर (लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) स्पोर्टवर ठेवतो आणि नॉब तसेही सैलच असतात, पण दूरवर स्थिर उभ्या सारसच्या जोडीचा कमी शटरस्पीडला फोटो घेताना दोनदा हललाय. व्हिडिओ जास्त करणाऱ्यांनी फ्लुइड हेडच (व्हिडिओसाठीचं, सावकाश मऊ फिरणारं) बघावं, गिंबलवर पॅन सुरू होताना आणि थांबताना झटका दिसतो.