इसीयू रिमॅप: स्वतः शिकायचं की ट्यूनरकडे द्यायचं?

इसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि रिमॅप म्हणजे त्यातली सेटिंगची फाइल बदलणं. आधी एक बघा, गाडीत टर्बो आहे का. असेल तर रिमॅपने वीसेक टक्के पॉवर वाढणं अगदी शक्य आहे कारण बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवायला कंपनीने जागा सोडलेली असते. टर्बो नसेल तर जेमतेम फरक पडतो, नुसत्या पॉवरसाठी त्या वाटेला जाऊच नका, शिकायची ओढ असेल तर गोष्ट वेगळी.

ट्यूनरकडे दिली की बहुतेक वेळा एका दिवसात काम होतं. चांगला ट्यूनर आधी लॉग (गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेतो, मग फाइल बदलतो, परत गाडी पळवून लॉग बघतो. काहीजण मात्र दुसऱ्याच गाडीसाठी बनवलेली तयार फाइल टाकून मोकळे होतात. म्हणून सरळ विचारा, आधीचा-नंतरचा लॉग दाखवाल का, ओरिजिनल फाइल मला द्याल का. टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

स्वतः शिकायचं तर सगळं गाडीवर अवलंबून आहे. जुनी सुबारू असेल तर नशीबवान आहात, रोमरेडर हे फाइल बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बऱ्याच मॉडेल्सच्या डेफिनिशन (फाइलमधला कुठला आकडा कशाचा हे सांगणारी यादी) तयार मिळतात, टेबलांना नावं असतात. तेच विनओएलएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेफिनिशनशिवाय एखादी फाइल उघडलीत की समोर नुसते आकडे, त्यातून टायमिंगचं (ठिणगी कधी पडते त्याचं) टेबल कुठलं आणि टॉर्क लिमिटरचं (इंजिनच्या जोराच्या मर्यादेचं) कुठलं हे शोधण्यातच नवख्याचे आठवडे जातात. नव्या गाड्यांचे इसीयू तर लॉक असतात, कित्येकदा बाहेर काढून बेंचवर वाचावे लागतात. शिकायला असली गाडी घेऊ नका.

खरं शिक्षण फाइल बदलण्यात नाही, लॉग वाचण्यात आहे, हे मला अगदी मनापासून सांगायचंय. मी पहिल्यांदा टेबलातल्या फुल थ्रॉटलच्या काही सेल्समध्ये टायमिंग २ डिग्रीने वाढवलं, गाडी मस्त उचलतेय असं वाटलं, आणि लॉग उघडला तर ३५०० आरपीएमला इसीयू नॉकमुळे (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्यामुळे) ३ डिग्री मागे खेचत होता, म्हणजे हातात आलं ते स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ सेटिंगपेक्षा) १ डिग्री कमीच! लॉग नसता तर मी तसाच चालवत राहिलो असतो आणि एक दिवस पिस्टन गेला असता. पेट्रोलला वाइडबँड सेन्सरही (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) लागतोच, जुन्या गाड्यांतला साधा नॅरोबँड सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या वर आहे की खाली एवढंच धड सांगतो, आणि टर्बोला फुल लोडवर १२ च्या आसपास हवं असतं तिथे तो काही कामाचा नाही.

फ्लॅश करताना, म्हणजे फाइल इसीयूत लिहिताना, बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा सपोर्ट चार्जर लावा, मध्येच व्होल्टेज पडलं तर इसीयू तिथेच बंद पडू शकतो.

ट्युनिंग बॉक्सचं थोडक्यात सांगतो, तो सेन्सरचा सिग्नल बदलून इसीयूला फसवतो, काढून टाकता येतो, पण शिकायला काही मिळत नाही.

रोजची एकच गाडी असेल तर माझं मत ट्यूनरकडेच द्या. दुसरी जुनी गाडी पडून असेल तर तीवर शिका, पहिले दोन महिने फक्त लॉगिंग, इसीयूत काही लिहायचं अजिबात नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर दोन्हीकडे धोका सारखाच, स्टॉक फाइल परत टाकली तरी बऱ्याच इसीयूत किती वेळा फ्लॅश झालं त्याचा काउंटर असतो आणि तो सर्व्हिस सेंटरला दिसू शकतो.