घरी बनवलेल्या पीसीबीसाठी पत्र्याचे कॅबिनेट : तीन महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावर ठेवून १.२५ पासून साधारण १३ व्होल्टपर्यंत हवे तेवढे व्होल्टेज देईल असा पॉवर सप्लाय घरीच बनवायचा, असे ठरवून मी मार्च महिन्यात पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सामान घ्यायला गेले. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि ट्रान्सफॉर्मर निवडायला फारसा वेळ लागला नाही, कारण त्यांचे माप आणि क्षमता त्यांच्या अंगावरच रंगांत किंवा आकड्यांत लिहिलेली असते. कॅबिनेटचे तसे नसते. ते घरी आणून त्यात बोर्ड बसवायला घेईपर्यंत त्याचे गुणदोष कळत नाहीत आणि तोपर्यंत ते परत करण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या कॅबिनेटचे आहे. पीसीबीची, म्हणजे सुटे भाग जोडण्याच्या तांब्याच्या रेषांच्या बोर्डाची, हकिकत त्या कॅबिनेटची पारख करण्यापुरती, पण आवश्यक तेवढी सविस्तर दिली आहे.

मी घेतलेले कॅबिनेट राखाडी पावडर कोटिंगचे, सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे आहे. तळ, पुढची बाजू आणि मागची बाजू मिळून एक तुकडा, आणि दोन्ही कडांवरून खाली उतरणारे झाकण हा दुसरा. झाकण चार स्क्रूंनी तळाच्या उभ्या पट्ट्यांना आवळले जाते. दुकानात माप २०० × १५० × ७५ मिलिमीटर असे सांगितले गेले आणि किंमत ४५० रुपये पडली. दुमडी सरळ आहेत, कोपऱ्यांवर रंग उडालेला नाही, झाकण बसवताना ओढाताण करावी लागत नाही, आणि झाकणावरच्या हवेच्या खाचांच्या कडा बोटाला लागत नाहीत. या भावात एवढी सफाई मला समाधानकारक वाटली.

पहिली अडचण मापातच निघाली. झाकणाचे स्क्रू पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे, टोकदार आणि गरजेपेक्षा लांब आहेत; झाकण आवळल्यावर त्यांची टोके दोन्ही बाजूंनी सुमारे १० मिलिमीटर आत शिरतात. पत्र्याची जाडी आणि ही टोके वजा केली की २०० मिलिमीटर लांबीपैकी वापरण्याजोगी जागा १७५ मिलिमीटरच्या आसपास उरते. पुढच्या खेपेला मी हे दुकानदारांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “मॅडम, माप नेहमी बाहेरूनच सांगतात.” ते खरे आहे, पण टोकदार स्क्रू २३० व्होल्टच्या तारेच्या आवरणावर टेकत असेल, तर प्रश्न मापापुरता राहत नाही. मी ते चारही स्क्रू काढून टाकले आणि ६ मिलिमीटर लांबीचे घातले. हे कॅबिनेट घेणाऱ्या प्रत्येकाने झाकण लावण्याआधी एवढे अवश्य करावे.

मंडल (सर्किट) अगदी परिचित आहे. १५ व्होल्ट, १ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि त्यापुढे एलएम३१७ ही रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी, आयसी. ही आयसी आपल्या आउटपुट आणि अॅडजस्ट या पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्टचा फरक राखते. त्या दोन पायांमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर आणि अॅडजस्टपासून ग्राउंडपर्यंत २.२ किलोओहमचा पोटेन्शियोमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला, की आउटपुट १.२५ पासून १३.७५ व्होल्टपर्यंत फिरवता येते. आयसीची मर्यादा १.५ अँपियर असली तरी १ अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, ब्रिज आणि कपॅसिटरनंतर, सतत ०.६ अँपियरपेक्षा जास्त डीसी घेऊ नये. म्हणून मी हा सप्लाय अर्ध्या अँपियरचा धरला आहे.

पीसीबीसाठी हिरवट, काचतंतूंचा १.६ मिलिमीटर जाडीचा कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला बोर्ड) घेतला. तपकिरी फिनॉलिक बोर्ड स्वस्त मिळतो, पण भोक पाडताना त्याची कड तुटते आणि दोनदा डाग दिला (सोल्डर केले) की त्यावरचे पॅड, म्हणजे डाग देण्याची तांब्याची चकती, उचलले जाते, असा माझा वर्गातील अनुभव आहे. बोर्डावरच्या जोडण्यांचे चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापून, गरम इस्त्रीने तांब्यावर उतरवले आणि प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोमट फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ट्रे हलवत ठेवले. पंचवीस मिनिटांत नको असलेले तांबे निघून गेले. हे द्रावण धातूच्या भांड्यात घेऊ नये आणि वापरल्यावर मोरीत ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे पाण्यातील जिवांना घातक असते. मी ते पुन्हा वापरण्यासाठी बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवते.

एक चूक इथे सहज होते. एलएम३१७ छापील बाजूने समोर धरली तर तिचे पाय डावीकडून अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट या क्रमाने येतात, तर सर्वांच्या हाताला सवय असलेल्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचे इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे येतात. जुन्या बोर्डाचे चित्र उचलून वापरले, किंवा कागद उलटा छापला गेला, तर हे सगळे जोडणी झाल्यावरच लक्षात येते. म्हणून छापलेला कागद तांब्यावर ठेवण्याआधी त्यावर प्रत्यक्ष आयसी ठेवून पाहावी.

बोर्डाचा आकार मात्र मी कॅबिनेट आणल्यानंतर ठरवला, आणि या सगळ्या कामात हा निर्णय मला सर्वांत उपयोगी पडला. एलएम३१७ गरम होते. आउटपुट ५ व्होल्टवर ठेवून अर्धा अँपियर घेतला, तर कपॅसिटरवर सुमारे १८ व्होल्ट असतात. मधले १३ व्होल्ट आयसीला झेलावे लागतात आणि साडेसहा वॅट उष्णता तिच्यात निर्माण होते. हीटसिंक (उष्णता ओढून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर ती लवकरच स्वतःच्या संरक्षणासाठी आउटपुट तोडते. लोखंडी पत्र्याला टेकवून भागेल असे काहींना वाटते, पण लोखंड अॅल्युमिनियमच्या साधारण पाव पट उष्णता वाहून नेते आणि त्यावर पावडर कोटिंगचा थर असतो. तेव्हा पातळ पात्यांचा अॅल्युमिनियम हीटसिंक मागच्या बाजूला बाहेरून लावायचा, पत्र्यात आयसीच्या आकाराची खिडकी कापायची, आणि आयसी त्या खिडकीतून थेट हीटसिंकला चिकटवायची, अशी रचना केली. त्यासाठी आयसी बोर्डाच्या मागच्या कडेलाच हवी. तिचे भोक आणि पत्र्यातील खिडकी यांची उंची १० मिलिमीटरचे स्पेसर (बोर्ड तळापासून उचलून धरणारे खांब), बोर्डाची जाडी आणि पायांची लांबी मिळून ठरते. बोर्ड आधी बनवला असता तर हे जुळवता आले नसते.

इथे वीज अडवणारी, पण उष्णता जाऊ देणारी अभ्रकाची पट्टी लागते. या आयसीचा धातूचा पाठीमागचा भाग आतून आउटपुटच्या पायाला जोडलेला असतो. तो सरळ हीटसिंकला आणि त्यातून कॅबिनेटला टेकला, तर संपूर्ण कॅबिनेटवर आउटपुट येते, आणि कॅबिनेट अर्थ केलेले असल्याने निगेटिव्ह टोक कधीही अर्थला लागले की शॉर्ट होतो. अभ्रकाची पट्टी, दोन्ही बाजूंना हीटसिंक कंपाउंडचा पातळ थर, आणि स्क्रूभोवती प्लॅस्टिकचा बुश (छोटी नळी) असा संच मला बाजारात दहा-पंधरा रुपयांत मिळाला. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरने आयसीची पाठ आणि कॅबिनेट यांच्यात जोडणी नाही, याची खात्री मी दोनदा केली. पहिल्यांदा भोकाच्या कडेवरचा बारीक चुरा अभ्रक फोडून आत गेला होता आणि मीटरने ते लगेच दाखवले.

जोडणीचा क्रमही सांगते. आधी रेझिस्टर, मग डायोड, मग कपॅसिटर असे कमी उंचीपासून चढत गेले. पण आयसीला डाग सर्वांत शेवटी दिला. बोर्ड स्पेसरवर बसवला, आयसी हीटसिंकला स्क्रूने आवळली, तिचे पाय पॅडमधल्या भोकांतून सहज बाहेर आले आहेत हे पाहिले, आयसी जागेवर राहील इतपत तिच्या पायांना बारीक डाग दिले, मग सगळे सोडवून खालून पूर्ण डाग दिले आणि पुन्हा बसवले. उलट क्रमाने केले तर स्क्रू आवळताना पायांवर सतत ताण राहतो, आणि रोज गरम-थंड होऊन कालांतराने त्या डागाभोवती गोल तडा जाऊ शकतो. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी उपकरणांत मी हा तडा पाहिला आहे.

कॅबिनेटचा सर्वांत गंभीर दोष अर्थिंगचा आहे. त्यात अर्थची तार जोडण्यासाठी वेगळा खिळा किंवा रंगविरहित जागा ठेवलेली नाही. पावडर कोटिंग विजेला अडवते, त्यामुळे रंगावरच वॉशर ठेवून नट आवळला तर तार जोडलेली दिसते आणि प्रत्यक्षात जोडलेली नसते. मी तळाच्या आतल्या बाजूचा रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, दातेरी वॉशर आणि दुहेरी नट वापरून अर्थ पक्का केला. झाकण तरीही वेगळेच राहिले, कारण ते रंगलेल्या पट्ट्यांवर बसते. त्यासाठी एक लवचीक तार तळापासून झाकणापर्यंत घ्यावी लागली. २३० व्होल्टचे उपकरण ज्यात बसणार हे ठाऊक आहे, अशा वस्तूत हे काम बनवणाऱ्यानेच करून द्यायला हवे. मेन्सची, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेची, तार आत घेताना अर्थच्या तारेची लांबी फेज आणि न्यूट्रलपेक्षा जास्त ठेवली, म्हणजे कधी केबल ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल.

समोरच्या बाजूला स्विच, पोटेन्शियोमीटर, एलईडी आणि दोन टर्मिनल एवढेच आहे. पत्र्यावर आधी मास्किंग टेप लावून त्यावर खुणा केल्या, सेंटर पंचने ठोका दिला, ३ मिलिमीटरचे भोक पाडून मग ते वाढवत नेले. रंगाचा टवका उडाला नाही. पोटेन्शियोमीटरच्या तारांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवणे मी अत्यावश्यक मानते. त्यातली तार तुटली तर आउटपुट शून्यावर न जाता एकदम वर, जवळजवळ कपॅसिटरवरच्या व्होल्टेजपर्यंत जाते, आणि जोडलेले ५ व्होल्टचे मंडल त्याच क्षणी जळते.

पहिल्यांदा वीज देताना खबरदारी म्हणून ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब क्षणभर उजळून विझला आणि कपॅसिटरवर २२ व्होल्ट दिसले. त्यानंतर ५ व्होल्ट, अर्धा अँपियर या भारावर अर्धा तास चालवले; खोलीत ३० अंश असताना हीटसिंक ५८ अंशांवर स्थिरावला आणि झाकण जेमतेम कोमट लागले. एक गोष्ट खटकली: तळाचा पत्रा ट्रान्सफॉर्मरच्या कंपनांनी गुणगुणतो. ट्रान्सफॉर्मरखाली रबरी वॉशर घातल्यावर आवाज बराच कमी झाला, पूर्ण थांबला नाही. पत्रा दीड मिलिमीटरचा असता किंवा तळाला एक आडवी घडी दिली असती, तर तो बहुधा झाला नसता.

तुलनेसाठी त्याच मापाचे एबीएस प्लॅस्टिकचे कॅबिनेटही पाहिले. ते हलके आहे, त्यात कटर सहज चालतो आणि कॅबिनेट अर्थ करण्याची चिंता नाही. बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डासाठी मी तेच घेईन. पण आत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर गरम हीटसिंक असेल तर लोखंडी पत्राच हवा, असे माझे मत तीन महिन्यांनंतरही कायम आहे. ज्यांच्याकडे ड्रिल, कानस आणि मल्टिमीटर आहे आणि वर सांगितलेले बदल स्वतः करण्याची तयारी आहे, त्यांना हे कॅबिनेट मी पाचपैकी साडेतीन गुण देऊन सुचवेन. पहिल्यांदाच मेन्सचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र अर्थची जोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ते वापरू नये.

जूनमध्ये मी त्याच दुकानातून आणखी दोन कॅबिनेट मागवली. मागच्या बाजूला एका कोपऱ्यातला रंग सोडून द्या आणि स्क्रू आखूड द्या, एवढी विनंती दुकानदारांनी लिहून घेतली आहे. ती आली की आधी तो कोपराच पाहणार आहे.