ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला साडेचार हजारांचा कोन फिल्टर: आवाज झकास, बाकी बोंब

किट साधंच आहे, एक लाल कोन फिल्टर (कंपनीचा बंद एअरबॉक्स काढून त्या जागी लावायचा, शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), एक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, सिलिकॉनचे जॉइंट, क्लॅम्प आणि हीट शील्ड म्हणून दिलेला एक वाकडातिकडा पत्रा. साडेचार हजार रुपये. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण असली किट दहा नावांनी मिळतात आणि खोक्यातला माल तोच असतो. दुकानदार म्हणाला, सर टर्बो गाडी आहे ना तुमची, मग पंधरा-वीस बीएचपी कुठे गेले नाहीत. माझी गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, १८० पीएस (पॉवरचंच माप, बीएचपीच्या जवळपास तेवढंच), पूर्ण स्टॉक मॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर कंपनीने दिलं तसंच. हे स्टॉक मॅपचं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची अर्धी गंमत त्यातच आहे.

आधी चांगलं बोलून घेऊ. आवाज. राव, आवाज कमाल आहे! स्टॉक एअरबॉक्स म्हणजे टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) तोंडावर उशी दाबून धरल्यासारखा प्रकार, टर्बो आहे की नाही तेच कळत नाही. कोन लावला की एक्सलेटर दाबल्यावर ती हवा ओढल्याची शिट्टी आणि पाय सोडला की फुस्सsss, बोगद्यात काच खाली करून गाडी चालवायची सवयच लागते. बायको म्हणाली गाडीला दमा झालाय का, ते सोडा. पहिल्या दिवशी मलाही वाटलं की गाडी पळतेय. आणि इथेच सगळे फसतात, कारण आवाज वाढला की डोकं आपोआप स्पीड वाढला असं धरून चालतं, मग मित्राला बसवून एक राउंड मारायचा, तोही म्हणतो भावा फरक आहे, झाला रिव्ह्यू.

म्हणून नीट मोजलं. समृद्धीवर लिमिट १२० आहे, त्यामुळे ८० ते १२०, पहाटे, रस्ता रिकामा, तोच पट्टा, तोच गिअर मॅन्युअल मोडमध्ये धरून, ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे आकडे वाचणारा) आणि फोनवरचं अ‍ॅप. आधी स्टॉक बॉक्स, मग तिथेच बाजूला थांबून... नाही हो, समृद्धीवर असं कडेला थांबून बॉनेट उघडायचं नसतं, इंटरचेंजवरून बाहेर पडून कोन बसवला आणि परत आलो. निकाल? स्टॉकच्या दोन रनमध्ये आपापसात जेवढा फरक येतो तेवढाही स्टॉक आणि कोनमध्ये आला नाही. पंधरा बीएचपी म्हणजे १८० वर आठ टक्क्यांच्या वर होतात, एवढे खरंच वाढले असते तर घड्याळात दिसले असतेच.

आता हे असं का, तर आजकालच्या टर्बो पेट्रोलमध्ये किती टॉर्क (इंजिनची ओढ) द्यायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, फिल्टर नाही. तुम्ही पाय दाबला की तो हिशोब करतो की एवढा टॉर्क पाहिजे, त्यासाठी एवढा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पाहिजे, आणि वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) उघडझाप करून तेवढाच बूस्ट देतो. फिल्टरमधून हवा थोडी सोपी आली तर टर्बोला थोडे कमी कष्ट, बस. पुढचा आकडा तोच. ज्याला पटत नाही त्याने सुपर्बचं बघा: तेच १.८ टीएसआय, तेच १८० पीएस, पण भारतात मॅन्युअलला ३२० एनएम टॉर्क मिळत होता आणि डीएसजी ऑटोमॅटिकला २५०. का, तर ७-स्पीड ड्राय क्लच डीक्यू२०० गिअरबॉक्सची झेपच २५० ची. म्हणजे तब्बल ७० एनएम कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये बांधून ठेवला होता आणि आपण साडेचार हजारांच्या स्पंजने तो सोडवायला निघालोय. माझ्या ऑक्टाव्हियालाही तोच गिअरबॉक्स आणि तोच २५०.

बरं, फायदा नाही तर नाही, तोटा तरी नको ना. तोटा आहे. ओबीडीवर जे इनटेक टेम्परेचर दिसतं ते माझ्या गाडीत इंटरकूलरने (टर्बोत तापलेली हवा गार करणारा) गार केल्यानंतरचं असतं, त्यावरून फिल्टर काय ओढतोय ते कळत नाही, म्हणून मी फिश टँकचा डिजिटल थर्मामीटर घेतला, दीडशे-दोनशेला मिळतो, त्याचा प्रोब फिल्टरच्या शेजारी झिप टायने बांधला आणि वायर बॉनेटच्या फटीतून आत आणली. हिंजवडीची संध्याकाळ, बाहेर ३५. स्टॉक बॉक्सजवळ ४५ च्या आसपास, कारण त्याचा स्नॉर्कल (हवा आत घेणारी नळी) ग्रिलच्या मागून, समोरून हवा घेतो. कोन लावून त्याच ट्रॅफिकमध्ये आकडा ६० च्या वर गेला. आता ३५ ची हवा आणि ६० ची हवा यात घनतेचा फरक साधारण साडेसात टक्के येतो, साधं गणित आहे, फिजिक्स अकरावीचं. टर्बो तो खड्डा भरून काढतो पण त्यासाठी जास्त फिरतो, हवा आणखी तापवतो, इंटरकूलरवर लोड. सिग्नल सुटला की पहिले काही सेकंद गाडी मेलेली. हायवेला १०० ने निघालात की दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होतात हेही खरं, पण आपलं आयुष्य हायवेवर जातं का? आणि तो हीट शील्डचा पत्रा, त्याला खाली आणि बाजूला एवढी फट आहे की तो नुसता फोटोसाठी.

पण माझा खरा राग धुळीवर आहे. कोन काढला तेव्हा पाइपच्या आतून, म्हणजे गाळून झालेली हवा जिथून इंजिनकडे जाते त्या बाजूने, पांढरा मायक्रोफायबर फिरवला. तांबूस पट्टा आला. बोटाला चोळला तर कचकच लागते, पिठी नाही, बारीक रेती. फिल्टरची रबरी मान पाइपवर नीट गोल बसत नव्हती, क्लॅम्प आवळला तरी एका बाजूला नख जाईल एवढी जागा, आणि कापडाच्या जाळीतून उजेडाकडे धरलं तर टिकल्या टिकल्या दिसत होत्या. चाकण रोड, नगर रोड, जिकडे बघाल तिकडे खोदकाम, डंपर, क्रशर, ती धूळ म्हणजे सिलिका, आणि टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील दीड-दोन लाख आरपीएमने फिरतं. ब्लेडची कड खाल्ली जाणार, उरलेलं सिलिंडरमध्ये जाऊन रिंगांना घासणार. साध्या कागदी फिल्टरचं एक भारी असतं, थोडी धूळ बसली की तो अजून बारीक गाळतो, फक्त वेळेवर बदलायचा.

मग लोक विचारतील धुता येणारे ड्रॉप-इन कसे, के अँड एन वगैरे, जे स्टॉक बॉक्समध्येच बसतात. ते वेगळं प्रकरण आहे, त्यांना या कोनच्या रांगेत बसवू नका. मित्राच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये आहे, २३० पीएसवाली. फिटिंग व्यवस्थित, बॉक्स तोच असल्यामुळे गरम हवेची भानगड नाही, आवाज अगदी थोडा वाढतो. पॉवर? त्यालाही नाही जाणवली आणि तो प्रामाणिक माणूस आहे. धुवून परत वापरता येतो एवढाच हिशोब, गाडी खूप वर्षं ठेवणार असाल तर पैसे सुटतात. फक्त तेल लावताना हात आखडता घ्या, जास्त झालं तर ते पुढे उडतं आणि ज्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे तिथे त्याच्या तारेवर थर बसून रीडिंग गंडतं. आणि धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर मारू नका, कापूस आहे तो.

मायलेज वाढतं म्हणून कोणी विकत असेल तर हसून निघून या. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या होत्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज चोंदलेल्या फिल्टरनेही जवळजवळ हललं नाही, पिकअप मात्र पडला. त्यामुळे ज्याला कोन लावून 'फरक जाणवला' त्याचा आधीचा फिल्टर किती जुना होता ते जरा विचारा.

पावसाचं वेगळं सांगायला पाहिजे, मुंबईकरांनो खास तुमच्यासाठी. याच किटचा एक मोठा भाऊ मिळतो, लांब पाइपवाला, त्यात फिल्टर खाली बंपरच्या मागे लटकतो. हवा गार मिळते हे मान्य. पण जुलैमध्ये हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलं की फिल्टर सरळ डबक्यात, पाणी सिलिंडरमध्ये, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, खेळ खलास. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन नसेल तर इन्शुरन्सवाले हात वर करतात, आणि असला तरी न सांगितलेलं मॉडिफिकेशन बघून सर्व्हेयर काय लिहील याचा भरवसा नाही. वॉरंटीतल्या गाडीला तर हातच लावू नका, इंजिनचं काहीही निघालं तरी सर्व्हिस सेंटर बोट त्या लाल कोनकडेच दाखवणार.

जुन्या नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड गाड्यांत (टर्बो नसलेल्या), म्हणजे ती आपली जुनी सिटी १.५ व्हीटेक वगैरे, वर रेडलाइनकडे (इंजिनच्या कमाल आरपीएमजवळ) थोडंफार मिळू शकतं, पण तिथेही गरम हवा घेतली तर कमी आरपीएमचा टॉर्क जातो, शहरात गाडी ढिम्म. आणि ज्यांनी मोठा टर्बो टाकलाय, ट्यूनिंगच्या स्टेज २ च्या पुढे गेलेत, त्यांना इनटेक लागतोच, पण तो बंद बॉक्सवाला, नीट सील असलेला, आणि त्याची किंमत ऐकून साडेचार हजारवाले पळून जातील. स्टेज १ पर्यंत, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदललं असेल तर, स्टॉक बॉक्स आरामात पुरतो.

मी आता काय केलंय, तर स्टॉक बॉक्स परत बसवला, बसवायच्या आधी उघडून साफ केला, स्नॉर्कलच्या जाळीत पिंपळाची पानं आणि एक मेलेलं फुलपाखरू निघालं, ते काढलं, हजारभर रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाकला, बॉक्सच्या झाकणाचं रबर नीट बसलंय का बघितलं. उरलेल्या पैशात स्पार्क प्लग बघणार आहे, ते खरंच ड्यू आहेत. आवाजासाठी किट घ्यायचंच असेल तर बिनधास्त घ्या, पण मग रविवारची गाडी असू दे, रोज डंपरच्या मागून जाणारी नको, आणि क्लॅम्पची ती मान बसवल्या बसवल्या टॉर्च मारून तपासा. पाचपैकी दीड स्टार, तोही फुस्सला.