मक्याच्या पोंग्यात कोण: लष्करी अळी की खोडकिडा?

मका गुडघ्याएवढाही झालेला नसतो, पानांना भोकं दिसतात आणि बांधावरूनच निकाल लागतो, "लष्करी आली." गेल्या खरिपात आमच्या शेजारच्या रानात असंच झालं. दोन फवारण्या झाल्या, तरी गाभे वाळतच राहिले. शेवटी एक धाट उभं चिरलं, तर आत खोडकिडा. दोन फवारण्यांचे पैसे आणि पंधरा दिवस गेले, याची अजून हळहळ वाटते.

अमेरिकन लष्करी अळी आपली नव्हे. अमेरिका खंडातून ती २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरकडे आली. खोडकिडा ज्वारी-मक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पानावरून सुगावा लागतो, खात्री होत नाही. खोडकिड्याची भोकं टाचणीनं टोचल्यासारखी बारीक. पान उलगडलं की ती आडव्या रांगेत दिसतात. लष्करीची पिल्लं पान खरवडतात, त्याचे पांढरे पापुद्रे उरतात; मोठी झाली की लांबट, फाटकी छिद्रं पाडतात. पण तिनं गुंडाळलेलं पान कुरतडलं, तर तिचीही भोकं रांगेत येतात. इथेच बहुतेकांची फसगत होते.

म्हणून सकाळी पोंगा, म्हणजे शेंड्यातली कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडा. आत ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा साचलेली असेल तर संशय लष्करीवर. मग अळी तळहातावर घ्या. डोक्यावर फिकट रंगाचा उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार ठळक काळे ठिपके, या दोन्ही खुणा जुळल्या की ती लष्करीच. खोडकिड्याची अळी मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची. ठिपके अंगभर लांब रांगांत, शेपटाकडे वेगळा चौकोन नाही. अगदी लहान अळीवर 'वाय' उमटलेला नसतो, तेव्हा चार-पाच पोंगे उघडून त्यातल्या त्यात मोठी अळी शोधा आणि मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

अंडी सापडली तर काम आणखी सोपं. लष्करीचा पुंजका केसाळ, बुरशी आल्यासारखा. खोडकिड्याची अंडी चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. दोन्ही जागेवरच चिरडा.

ज्वारीत आपली देशी लष्करी अळीही येते. ती कडेनं पान खात मधली शीर ठेवते आणि दिवसा ढेकळाखाली, पाचोळ्यात दडते. चौकोन तिच्याही अंगावर नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उपाय वेगळे आहेत. लष्करी पोंग्यात बसते, म्हणून अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून फवारा. वरवर पानं भिजवून तिला काही होत नाही. खोडकिडा एकदा खोडात शिरला की फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. गाभा वाळलेली झाडं उपटून अळीसकट नष्ट करावी लागतात. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावणार असाल तर ल्युअर, म्हणजे आतली वासाची गोळी, त्याच किडीचा आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या.

मका मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी असेल तर माझं मत ठाम आहे: हातानं अळ्या वेचणं आणि निंबोळी अर्क यांवरच भागवा. रासायनिक औषध मारावंच लागलं, तर फवारणीनंतर थांबायचे डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तो चारा गोठ्यात नेऊ नका.