हॉबिट ४८ फ्रेमवाला बघितला, गॉलमसाठी पैसे वसूल पण...

(हे २०१२ सालचं, पिक्चर नुकताच लागलाय तेव्हाचं.) शनिवारी हॉबिट या जादुई दुनियेतल्या इंग्रजी पिक्चरचा पहिला भाग बघून आलो, थ्रीडी आणि तोही ४८ फ्रेमवाला, आणि दादरहून घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये डोक्यात हेच की नक्की आवडला का. नेहमीचा पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, बोलपट आले तेव्हापासून तेच चालत आलंय, पण दिग्दर्शक पीटर जॅक्सनने हा शूटच ४८ ने केलाय त्यामुळे हलताना जे पुसट दिसतं ते खूप कमी होतं आणि सगळं लख्ख दिसतं. गोम तिथेच आहे.

पहिली दहा मिनिटं तर वाटलं कोणीतरी फास्ट फॉरवर्ड लावलंय, म्हातारा बिल्बो (गोष्टीचा नायक) घरात चालतोय तो पण पटपट पटपट. मग डोळे सरावतात. पण ते १३ बुटके त्याच्याकडे जेवायला येतात ना, तिथे दाढ्या चिकटवलेल्या आहेत हे कळतं हो. शिवाजी मंदिरला पहिल्या रांगेत बसलं की नटाच्या कपाळावर विगची कड दिसते, अगदी तसं. नाटकात आपण ते धरूनच चालतो, इथे मला गोष्टीतल्या त्या मिडल-अर्थ नावाच्या दुनियेत जायचं होतं आणि मी सेटवर जाऊन उभा राहिलो, वाईट वाटलं खरंच.

आणि मग गॉलम येतो!! अंधारात कोड्यांचा खेळ चाललाय, बोलता बोलता त्याचे डोळे लहान मुलासारखे होतात आणि पुढच्याच क्षणाला नजर फिरते, अंगावर काटा आला. अँडी सर्किसच्या अभिनयावर कॉम्प्युटरने चढवलेला हा प्राणी अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात खरा वाटतो. गॉब्लिनच्या गुहेतली पळापळ पण मस्त, एरवी थ्रीडीत असल्या सीनला माझं डोकं धरतं, इथे अजिबात नाही.

लांबी मात्र जास्तच. १६९ मिनिटं, आणि पुस्तक एकच असून भाग तीन करणार, मग काय, बिल्बो घराबाहेर पडेपर्यंतच किती वेळ जातो. थिएटरने दिलेल्या चष्म्यावर बोटांचे ठसे होते, रुमाल जवळ ठेवा. आणि बुक करताना एचएफआर (हाय फ्रेम रेट, म्हणजे हाच ४८ फ्रेमवाला) लिहिलंय का ते नीट बघा, साध्या थ्रीडीचे शो पण आहेत.

पहिल्यांदाच बघणार असाल तर मी म्हणेन साधा २४ वाला बघा. मी पण पुढच्या रविवारी आईला घेऊन त्यालाच जाणार आहे, तो जेवणाचा सीन मला परत नीट बघायचाय.